एकच जान

मनिषाचं लक्ष गेमकडे नव्हतं. ती मैत्रेयीच्या मानेकडे बघत होती.

मान वाकडी झाली की समजायचं, पोरगी पट्टीच्या कडेतून चोरून बघतेय. पट्टी उजव्या डोळ्यावर होती, चांगल्या. डावा उघडा होता. परभणीच्या डॉक्टरांनी त्याला आळशी डोळा म्हटलं होतं. रोज दोन तास त्यालाच कामाला लावा, बारीक काहीतरी बघू द्या, गेम असला तरी चालेल. पण पोरगी साडेसात वर्षांची आहे. आता जागा झाला नाही, तर पुढे अवघड. उद्या पुन्हा दाखवायला जायचं होतं.

"आमच्या घरात आळशी कुणी न्हाई," केशरबाई म्हणाल्या. सासूबाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. "डोळा तेवढा आळशी कसा निघंल? गेमनं डोळे जातेत म्हून आख्खं वालूर गाव पोरांच्या हातातलं काढून घ्यायलंय. आन तू पट्टी चिकटवून खेळवायलीस."

"आत्याबाई, तीन महिने ऐकतेय मी हे."

"मग उत्तर दे की."

मनिषा बीएस्सी झाली होती. आळशी डोळ्याबद्दल सापडेल ते सगळं तिनं मोबाइलवर वाचून काढलं होतं. तिनं फक्त मैत्रेयीची मान बघितली. सरळ होती. अजून.

मामानं दिलेला जुना गेम. तळहाताएवढी स्क्रीन, घासून पुसट झालेली बटणं. निळ्या झग्यातली राजकन्या खड्ड्यांवरून उड्या मारत किल्ल्यात शिरली. हा शेवटचा किल्ला. राखाडी भिंत, आणि भिंतीतून मधेच बाहेर येणारे सुळे, तेही राखाडी. रोज इथंच मान वाकडी व्हायची.

"त्यो पिंजऱ्यात कोण हाय?" केशरबाईंनी डोकावून विचारलं.

"राजकुमार."

"आन सोडवायला कोण जायलंय?"

"राजकन्या. म्हणजे मी."

"तवर त्यो काय करायलाय?"

"नुसता बसलाय."

"हितंबी तसंच का," म्हणत केशरबाईंनी पुढची शेंग फोडली.

राजकन्या पहिल्या सुळ्यावरून गेली. दुसऱ्यावरून गेली. तिसरा दिसलाच नाही. टुंग असा आवाज झाला आणि ती किल्ल्याच्या दाराशी येऊन पडली.

"मम्मी! एकच जान राहिली!"

केशरबाईंचा हात थांबला. "कुणाची?"

"माझी!"

सूप कलंडलं. शेंगा दारभर झाल्या. सत्तरीच्या केशरबाई गुडघ्यावर हात न टेकता उठल्या आणि थेट पोरीवर गेल्या. "आण इकडं त्ये! डागदरनं सांगितलं म्हून काय जान जाईस्तोवर खेळायचं का?"

त्यांचा हात गेमपर्यंत पोचला होता. मनिषानं मनगट धरलं. लग्नाला दहा वर्षं झाली, सासूचं मनगट तिनं कधी धरलं नव्हतं.

"हात लावू नका, आत्याबाई. गेममधली जान आहे. ती गेली की सगळं पहिल्यापासून."

केशरबाईंनी पोरीकडे बघितलं, मग सुनेकडे. मनगट सोडवून घेतलं.

"मग लाइफ म्हणा की नीट इंग्लिशमधी," त्या म्हणाल्या. "जान काय म्हणता? माझी जायली व्हती आता."

मैत्रेयीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. राजकन्या पुन्हा दारातून आत शिरली होती.

पहिला सुळा. दुसरा. तिसऱ्याच्या अलीकडे राजकन्या थांबली. मैत्रेयीचा अंगठा बटणावर अधांतरी राहिला. मनिषानं पदराचं टोक मुठीत धरलं. आता वाकडी होईल. आता.

डावा डोळा बारीक झाला. भिंतीवर राखाडीत राखाडी काहीतरी हललं असावं. मनिषाला तर दिसलं नाही. अंगठा खाली गेला.

राजकन्या सुळ्यावरून पलीकडे पडली, धडपडली आणि उठली. मग चौथा. मग पाचव्या-सहाव्यावरून एकाच उडीत. मैत्रेयीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि ओठाच्या कडेला लाळ जमली होती. मान पुढे सरकत होती, पण सरळ रेषेत. केशरबाईही वाकल्या होत्या, शेंगांच्या टरफलांवर अनवाणी उभ्या.

"मार!" त्या ओरडल्या. "मार उडी! बघती काय?"

पिंजरा फुटला. गेममधून चिमटीएवढा बँड वाजायला लागला.

"फुटला! मम्मी, फुटला! आज्जी!"

मनिषा गुडघ्यावर बसली आणि तिनं पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. नाकाजवळ, भुवईखाली, गालावर. सगळीकडून घट्ट चिकटलेली होती. नखही शिरत नव्हतं. तिनं पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"गुदगुल्या होतात ना, मम्मी."

स्क्रीनवर राजकुमार बाहेर आला. त्याच्या तोंडाशी एक पांढरा फुगा उमटला. फुग्यात मुंगीएवढी अक्षरं.

"काय म्हणायलाय त्यो?" केशरबाईंनी विचारलं.

मैत्रेयीनं स्क्रीन जवळ घेतली नाही. आहे तिथूनच एकेक अक्षर वाचलं. "टी. एच. ए. एन. के." थांबली. "वाय. ओ. यू."

मनिषा वाकली. तिला दोन्ही डोळ्यांनी ती अक्षरं वाचायला जवळ जावं लागलं. बरोबर होती. आठच्या आठ.

"म्हंजे काय?"

"थँक्यू म्हणतोय, आज्जी."

"नुस्तं थँक्यू?" केशरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "येवढ्या काट्यांतून गेली आमची पोरगी. जयभीम घाल म्हणावं तिला. नीट वाकून."

मैत्रेयीनं बटण दाबलं. राजकुमार कमरेतून वाकला.