वाढदिवसाचं जेवण

वीस वर्षं अपंगांच्या संस्थेत काढून हेमावती गेल्या महिन्यात सोलापुरात भाड्याच्या खोलीत राहायला आली. शिवणकामावर तिचं भागत होतं. चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल असा बुटका ओटा तिनं करून घेतला होता, त्यावर ती स्वतःची भाकरी स्वतः थापायची.

रविवारी दुपारी संस्थेच्या मॅडम एका पाहुण्यांना घेऊन दारात आल्या. पाहुण्यांच्या मुलाचा वाढदिवस होता. त्यांच्या हातात जेवणाचं पाकीट होतं आणि मागे फोटोग्राफर.

"मी जेवायलाच बसले की, मॅडम. तुमीबी या, भाकरी गरम हाय," हेमावती म्हणाली.

तिच्या मांडीवरचं भरलेलं ताट बघून पाहुण्यांचा चेहरा पडला. मॅडमनी ते ताट घाईघाईनं उचलून ओट्यावर ठेवलं. मग तिच्या पदराची नीट खोचलेली पिन काढली, केस थोडे विस्कटले आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "फोटो निघेपर्यंत जरा उपाशी दिस."

हेमावतीला शिसारी आली. तिनं ताट परत मांडीवर घेतलं, भाकरीचा मोठा घास तोंडात भरला आणि फोटोग्राफरकडे पाहिलं.

"आता काढा."