पोरीचा आवाज

पाम गावातल्या गोजराबाईला घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून बांधकामावर जाणाऱ्या घाटावरच्या राहीची तान्ही पोर ती हौसेनं सांभाळायची. पण राही पोरीला अफूची गोळी चाटवूनच आणायची. पोर दिवसभर झोळीत गुंगलेली.

"उद्या गोळी नको देऊ," गोजराबाई म्हणाली. "रडली तर रडू दे. घरात कोनाचा तरी आवाज होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती झोळीपाशीच बसून राहिली. उन्हं कलली तरी पोर हूं की चूं करीना. राही दारात आली तेव्हा गोजराबाईनं पोरीच्या पायाला हात लावला. पाय गार.

"गोळी नाय ना दिलीस?"

राही समजूतदार हसली. "दोन दिल्या, मावशी. काल तुमी रडन्याचं बोलला, तवाच वळखलं, तुमाला तरास हुतोय."