चुकून लागलेला हात

कामरगावच्या भागिरथाबाईच्या लेकानं, प्रसेनजितनं, डोळ्यांवर बांधायचा व्हीआरचा डबा आणला. तो बांधला की समोर दुश्मन दिसतात म्हणे, आणि हा पठ्ठ्या बैठकीत उभा राहून हवेत ठोसे मारत सुटतो.

एक दिवस सून संघमित्राचा गाल सुजला. "गेममदी होतो ना माय. दिसलं नाई, हात लागला," लेक म्हणाला. पुढच्या आठवड्यात तिचा ओठ फाटला, तेव्हाही हातच लागला होता.

"जाऊ द्या आत्याबाई, चुकून झालं," सून खालमानेनं म्हणाली.

भागिरथाबाईला खेळ मोठा अजब वाटला. दुश्मन डब्यात आणि सूज सुनेच्या गालावर! टीव्ही लेकापासून हातभर अंतरावर, त्याला कधी साधा ओरखडा नाही. सून पार स्वयंपाकघराच्या दारात, तरी हात लागायचा तो तिलाच.

तिसऱ्यांदा सुनेचं रडणं कानी आलं, तशी भागिरथाबाई उठली. तिनं पदर खोचला, दारामागची काठी घेतली, लेकाच्या डोळ्यांवरचा डबा ओढून आपल्या डोळ्यांवर चढवला आणि काठी फिरवायला सुरुवात केली. पहिल्या दोन नेमक्या लेकाच्या पाठीत बसल्या.

"अवो माय! मी हावो, मी! प्रसेनजित!"



"असशीन बापा. मले यातून काय दिसते? पण भेऊ नको, तुह्या टीव्हीले नाई लागू देत."