सात चिठ्ठ्या

वॉर्डात मुदत संपलेली इंजेक्शनं दिली जातात, अशी लेखी तक्रार तिथल्या एका सिस्टरनी केली. रुग्णालयाच्या समितीवरच्या सात डॉक्टरांनी हात वर करून ठरवलं, की सिस्टरनाच कामावरून काढायचं.

त्यानंतर एकेक डॉक्टर त्यांना एकटं गाठू लागला. कुणी जिन्यात, कुणी लिफ्टच्या दाराशी, इकडेतिकडे बघत. "सिस्टर, मनातून मी तुमच्याच बाजूचा हो. पण सगळ्यांचे हात वर गेले, मग मी एकट्याने कशाला वाईटपणा घेऊ?"

आठवडाभरात सातही जण हेच सांगून गेले. सिस्टरना धीर आला. त्यांनी अर्ज दिला: मत पुन्हा घ्या, पण या वेळी चिठ्ठीवर, नाव न लिहिता.

समितीने अर्ज लगेच मान्य केला. ड्रेसिंगचा रिकामा ट्रे टेबलावर फिरला आणि सिस्टरच्या समोरच चिठ्ठ्या उघडल्या गेल्या. सातही चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: 'काढा'.



बाहेर पडताना सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "पाहिलंत ना सिस्टर? मी एकटा कुठे पुरा पडणार?"