पहिल्या रविवारचं पाकीट

मिलिंदने पाकीट पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही. दुसरं टोक अनीशने धरलं होतं.

"पप्पा, सोडा की," अनीश हसत म्हणाला.

मिलिंदने सोडलं. हे शेवटचं पाकीट. गेल्याच आठवड्यात अनीशला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि कोर्टाने ठरवून दिलेली मुलाची पोटगी संपली. सकाळी सांगलीहून निघताना मिलिंद स्वतःला बजावत होता, चला, सुटलो एकदाचे. कराड आलं तसं ते पटेनासं झालं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा तर त्याला चक्क वाईट वाटत होतं.

आम्रपाली नेहमीसारखी गिरणीत होती. गोडोलीतली ही गिरणी तिची स्वतःची. घटस्फोट झाला तेव्हा अनीश बालवाडीत होता. तिने स्वतःसाठी एक पैसा मागितला नाही. "माजं मी बगीन," म्हणाली. मुलाच्या पैशांना मात्र अशी अट घातली, की दोन्ही वकिलांनी कपाळाला हात लावला. पैसे बँकेत नकोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बापाने साताऱ्याला यायचं आणि पाकीट मुलाच्या हातात द्यायचं. तिच्या नाही, मुलाच्या. कोर्टाच्या हुकमातही तसंच लिहिलं गेलं.

बाई आडमुठी आहे हे मिलिंदला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं, पण इतकी खुनशी असेल असं वाटलं नव्हतं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो मशीन सांभाळायचा. हक्काच्या सुट्टीचा रविवार एसटीत जायचा. "नवऱ्याला दारात उभं करायची हौस, दुसरं काय," असं तो कामावर सगळ्यांना सांगे. एकदा त्याने जयराज नावाच्या मित्राबरोबर पाकीट पाठवलं. आम्रपालीने जयराजला पोहे खायला घातले, चहा पाजला आणि पाकीट जसंच्या तसं परत धाडलं. एकदा अनीश मॅच खेळायला रहिमतपूरला गेला होता. "माज्याकडं देऊ नका, यील त्यो," म्हणत तिने मिलिंदला संध्याकाळपर्यंत पोत्यावर बसवून ठेवलं. अनीश आला तो गुडघा फोडून. मग त्याला दवाखान्यात न्यायला मिलिंदच होता.

लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद पडल्या. गिरणीही जेमतेम चालत होती. मिलिंदने फोन करून सांगितलं, "खाते नंबर दे, लगेच टाकतो."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "गाड्या सुरू झाल्या की आनून द्या."

या बाईपुढे त्याने त्या दिवशी हात टेकले.

या सगळ्यावर कडी म्हणजे गिरणीच्या भिंतीवरचा तो स्कॅनरचा बोर्ड. बायका दळणाचा डबा ठेवत, मोबाइल बोर्डासमोर धरत आणि फळीवरची डबी पैसे आल्याचं खणखणीत आवाजात जाहीर करी. बोर्डावर पीठ बसलं की आम्रपाली पदराने पुसून गिऱ्हाइकाला म्हणे, "आता हुतंय बगा." आणि मिलिंदने विषय काढला की म्हणे, "मला न्हाई बाई त्यातलं काय कळत." तीन तास एसटीत हाडं खिळखिळी करून आलेला मिलिंद हे ऐकून दातओठ खायचा.

अनीशला यात काहीच वावगं वाटत नसे. पाकीट घ्यायचं, आईच्या गल्ल्यात टाकायचं आणि पप्पांना घेऊन बाहेर पडायचं, हा त्याचा रविवार. याच रविवारांत मिलिंदने त्याला सायकल शिकवली, अजिंक्यताऱ्यावर नेलं, दाढी कशी करायची ते दाखवलं. दहावीला गणित अडलं, तेव्हा दोघं मिळून अडले.

आज मिलिंद चहा फुंकून फुंकून पीत होता. चहा कधीच गार झाला होता. पुढच्या महिन्यात काय, हे विचारायचं होतं, पण विचारणार कोणत्या हक्काने? ज्या हुकमाला तो इतकी वर्षं शिव्या घालत आला, तोच त्याला आता हवा होता. शेवटी त्याने बेदाण्याची पुडी अनीशच्या हातात दिली आणि तो उठला.

"बरं, निघतो मी."

"पुढच्या महिन्यात तुम्ही येऊ नका पप्पा," अनीश म्हणाला.

मिलिंद जागीच थबकला.

"मीच येतो सांगलीला. पहिल्या रविवारी, पहिल्या गाडीनं. आई म्हणाली, इतकी वर्षं पप्पा आले, आता तुझी पाळी."

मिलिंद परत पोत्यावर बसला. त्याला फार आनंद झाला होता आणि तो लपवायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. एवढ्यात एका बाईने ज्वारीचं दळण उचललं, मोबाइल भिंतीसमोर धरला आणि फळीवरची डबी खणखणली. मिलिंदला हसूच आलं.

"आम्रपाली, आता कोर्ट बी न्हाई अन् वकील बी न्हाई," तो म्हणाला. "आता तरी खरं सांग. एवढा बोर्ड भिंतीवर आसून मला इतकी वर्सं एसटीचं हादरं का गं खायला लावलंस?"

आम्रपालीने गिरणीचा खटका बंद केला. हात झटकले, पीठ उडालं.

"पैसं आलं आसतं की त्यातनं," ती म्हणाली. "तुमी आला आसता का?"