तीन महिन्यांच्या आत

वान चायच्या स्टेडियमभोवती रांगेने दुसरा वेढा घातला तेव्हा मान-पिऊचा धीर सुटला.

“अगं, इंग्लंडची राणी हाँगकाँगातून जायला निघाली आणि तू आता तिची प्रजा व्हायला निघालीस! इतकी वर्षं काय झोपली होतीस?”

युन-हा घडीच्या स्टुलावर बसून अर्जाचे कागद सारखे करत राहिली. मान-पिऊ, तिचा नवरा, इथेच जन्मला, त्याला ब्रिटिश पासपोर्ट आयता मिळाला. ती सीमेपलीकडच्या, चीनमधल्या गावातली. आज त्या पासपोर्टसाठी अर्जाचा शेवटचा दिवस, आणि पुढच्या वर्षी सगळंच चीनच्या ताब्यात.

“चीनवाले खातील म्हणून घाबरलीस ना?”

“हो, घाबरले,” ती खोटंच म्हणाली.

खरं कारण मँचेस्टरला होतं. लेकीला, पुई-सानला, पुन्हा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला आईचा व्हिसा वेळेत आला नाही आणि इस्पितळातल्यांनी ओल्या बाळंतिणीला आइस्क्रीम खायला दिलं. आइस्क्रीम! हा पासपोर्ट मिळाला तर व्हिसाची कटकटच नाही. पण तीन महिने भरेपर्यंत ही बातमी कुणाजवळ बोलायची नसते. बोललं तर पोटातला जीव रुसतो आणि निघून जातो. कुणाजवळ म्हणजे नवऱ्याजवळही नाही.

“बस मग तुझ्या राणीची वाट बघत,” म्हणून मान-पिऊ तरातरा निघून गेला. युन-हाला रडूच आलं. त्याच्यापासून एवढी मोठी गोष्ट तिने कधी लपवली नव्हती.

ती फाटकापाशी पोचली तरी त्याचा पत्ता नव्हता. मग तो आला, घामाघूम, हातात जड पिशवी. ती त्याने तिच्या पायाशी ठेवली. आत जुनं, राठ सालीचं आलं होतं, पाचसहा किलो तरी. एवढं आलं घरात एकाच कामासाठी येतं, व्हिनेगरात उकळून बाळंतिणीला खाऊ घालायला.

“अहो, आत्तापासून?” तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

“लेकीचे फोन काय तुला एकटीलाच येतात?” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “तू इथे का बसलीस, त्याची ट्यूब मात्र बाजारात गेल्यावर पेटली.”

“म्हणजे तुम्हाला...”

“शू!” त्याने घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. “मला काही माहीत नाही. तुलाही नाही. अजून आठ दिवस आहेत.”