पणजीची हाक

घराण्याची माहिती गोळा करणारी भाची दुपारी आत्याकडे आली आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तिच्यासमोर बसली.

“माझी आई, म्हणजे तुझी आजी, ऐन तारुण्यात गेली,” आत्या सांगू लागली. “तरी तिची आई, म्हणजे तुझी पणजी, आपल्या लेकीला रोज जेवायला हाक मारायची. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय.”

“कशी मारायची गं हाक?”

आत्यानं डोळे मिटले आणि लांबट सुरात हाक घातली, “बाये, ए बाये!”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “आले गं आई.”

घरात दोघींशिवाय कुणीच नव्हतं.

“आत्या, आत कोण आहे?”

अनवाणी पावलं दाराशी येऊन थांबली. आत्या पलंगावर जराशी सरकली आणि तिनं शेजारी जागा करून दिली.